चार चकत्यांचा पहारा

या माउली, असे अलीकडं सरका. बुवांची जीप अजून चारठाण्याच्या फाट्यावर आहे म्हणतात, पखवाजाला कणीक लागायची आहे, तेव्हा कीर्तन उभं राहायला घटकाभर तरी जाईल. तोवर एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही. माझ्या घरातली आहे, माझ्या धाकट्या भावाच्या दोन मांड्यांची आहे. ऐकताना मधेच जीव घाबरा झाला तर होऊ द्या. आमचाही झाला होता, आणि वर्षभर झाला होता.

माझं नाव माणिकराव. गाव इथून दोन कोसांवर, जिंतूर तालुक्यातलंच. मला पहिल्यापासून कीर्तनाचं वेड. कुठं बुवा येणार म्हटलं की भाकरी फडक्यात बांधून निघालोच. गावच्या सप्त्यात वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचा पहिला पहारा माझा, हे पंचवीस वर्षं ठरलेलं. माझा भाऊ भुजंग बारा वर्षांनी लहान. तो टाळकरी. पावली खेळायला लागला की बुवा गाणं थांबवून त्याच्या पायांकडं बघत राहायचे.

त्र्याण्णव सालच्या फाल्गुनात तो कडब्याच्या गाडीवरून पडला. गाडी पेंढ्यांनी उंच भरलेली, भुजंग वर बसून नाडा आवळत होता. ओढ्याच्या उतारावर चाक घळीत गेलं, गाडी कलली आणि तो पाठीवर बांधाच्या दगडावर आला. मी धावत गेलो. म्हणाला, "दादा, माझे पाय कुठं गेले?" पाय जागेवरच होते. त्याला ते लागत नव्हते.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात पाच महिने काढले. तिथं व्यायाम देणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला करड्या पण मनानं मऊ. त्यांनी मला नीट समजावलं. पाठीच्या मणक्यातली तार तुटली आहे, डोक्याचा निरोप पायाला पोचत नाही, पण पाय मेलेले नाहीत. मग पत्र्याच्या दोन चकत्या घेतल्या, खाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवलं, भुजंगच्या मांडीवर बांधल्या आणि सेलवर चालणाऱ्या एका लहान यंत्राची कळ फिरवली. भुजंगचा गुडघा आपोआप सरळ झाला. त्याची बायको चतुराबाई पदर तोंडाला लावून मागं सरकली. भुजंग आपल्याच पायाकडं असा बघत होता, जणू कुणी परका माणूस अंथरुणात येऊन निजलाय.

"हे यंत्र घरी न्या," बाई म्हणाल्या. "चैन म्हणून देत नाही. ह्याच्या बैठकीच्या हाडावर जखम झाली आहे आणि ती आत जाते आहे. लघवी पुरती निचरत नाही, म्हणून ताप येतो. पालथं निजवून थोडं भागेल, पण पुरणार नाही. दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं हा उभा राहिला पाहिजे."

"लोखंडी पाय बांधतेत, त्यानं न्हाई का व्हायचं?" मी विचारलं.

"त्या लोखंडाचं कडं वर कुठं टेकतं ठाऊक आहे? जिथं जखम आहे तिथंच. जखम भरेपर्यंत ते नाही. आता त्याच्याच मांड्यांनी त्याला धरायचं. पंधरा मिनिटं. नाहीतर एखाद्या तापात विष रक्तात जाईल."

पंधरा मिनिटं हा आकडा मी घरी घेऊन आलो. माउली, कीर्तनात दोन-दोन घंटे उभा राहणारा माणूस मी. पंधरा मिनिटं म्हणजे नमनसुद्धा होत नाही. मला वाटलं, हे तर झालंच.

ओसरीत दोन आडवे बांबू रोवले. मी आणि चतुरानं काखेत धरून भुजंगला उठवायचं, त्याचे हात बांबूंवर टेकायचे आणि कळ फिरवायची. पहिल्या दिवशी तो उभा राहिला. उभा. गल्लीतल्या बायका दारात जमल्या, एकीनं हात जोडले. भुजंगच्या चेहऱ्यावर घाम आला आणि हसूही आलं. मी गजराच्या घड्याळाकडं बघत होतो. तीन मिनिटं झाली आणि मांडी थरथरायला लागली. मग गुडघा ओल्या कापसासारखा मऊ झाला आणि सगळा माणूस माझ्या अंगावर आला.

रोज तीन मिनिटं. कधी साडेतीन. कळ वाढवली की पहिल्याला जोर यायचा आणि दम त्याहून लवकर सुटायचा. महिन्यानं बाईंना विचारायला परभणीला गेलो. त्या म्हणाल्या, "आपण चालतो ना, तेव्हा मांडीतले धागे आळीपाळीनं काम करतात. काही ओढतात, काही बसतात. आपल्याला कळतही नाही. हे यंत्र अडाणी आहे. ते सगळ्यांना एकदम उठवतं आणि एकदम राबवतं, म्हणून सगळे एकदम थकतात. निजल्या निजल्या ताकद वाढवा. दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद. बंद ठेवायला विसरू नका."

मी मान हलवली. पण जे मला कळायला हवं होतं ते कळलं नव्हतं. बंद हा शब्द मला मानवलाच नाही.

कार्तिकात गावचा सप्ता बसला. तुम्ही जाणताच, सप्ता म्हणजे अखंड. सात दिवस, सात रात्री नामाचा खंड पडायचा नाही, वीणा भुईला टेकायची नाही. मंडपात उभा असताना माझ्या मनात आलं, आपण देवापुढं अखंड करतो आणि भावाला मात्र दहा सेकंद देऊन वीस सेकंद तोडतो. म्हणून पाय धरत नाहीत. मी वीणा गळ्यात असतानाच संकल्प केला. सात दिवस भुजंगच्या मांड्यांवरही यंत्र अखंड चालवायचं, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, मधे तोडायचं नाही.

चतुरा म्हणाली, "भावजी, बाई तर बंद ठिवा म्हणल्या व्हत्या."

"बाई शिकलेल्या हायत," मी म्हणालो. "पर त्यांनी सप्ता बघितला न्हाई."

हे वाक्य मी बोललो आहे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मांडी हलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी फुरफुरली आणि थांबली. मी कळ शेवटपर्यंत फिरवली. काही नाही. मला वाटलं देव परीक्षा बघतो आहे, तशीच ठेवली. भुजंगला तर काही लागतच नव्हतं, तो सांगणार काय. तिसऱ्या दिवशी चतुरानं फडकी धुवायला सोडली तर चकत्यांखाली कातडीवर बोटाएवढे फोड. ती फडकी घेऊन परसात गेली, आणि दगडावर ती आपटण्याचा आवाज मी मंडपापर्यंत ऐकत गेलो.

ताप चढला. भुजंगनं ताट सरकवायला सुरुवात केली. आधी रात्रीचं, मग दोन्ही वेळचं.

"थोडं दूध तरी घे," मी म्हणायचो.

"कशाला? खाली जखमेत जायला?" तो छताकडं बघत म्हणायचा. "दादा, तू देवाचं कर. माझं नको करू आता. पाय मेले, बाकीचा मी कामून मागं ऱ्हाऊ?"

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला मी गेलो नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

यंत्रच बिघडलं असेल अशी एक शेवटची आशा धरून मी ते पिशवीत घालून जिंतूरला गेलो. बसस्टँडच्या मागं रेडिओ-टेप दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. तिथं पंडित बसायचा. आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला, सरजाबाईचा मुलगा, असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. त्याचा बाप मला मालक म्हणायचा. पंडित माणिकराव म्हणायचा. खरं सांगतो, ते मला तेव्हा खटकायचं.

त्यानं यंत्र उघडलं, तारा लावून बघितल्या, परत बंद केलं.

"यंत्र शाबूत हाय, माणिकराव. किती वेळ लावता?"

"अखंड लावलं."

"अखंड म्हंजे?"

"म्हंजे दिवसभर. सप्ता चालू होता ना. सप्त्यात वीणा खाली ठेवतेत का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. हसला नाही, हे त्याचे उपकार.

"वीणा न्हाई ठेवीत," तो म्हणाला. "पर माणूस तर खाली बसवतेत की. दोन घंट्याला माणूस बदलतेत. आमच्या घराच्या मागनं तुमचा मंडप दिसतोय. ल्हानपणी मी मोजत बसायचो, कोण कवा उभारतंय. तुमच्यानंतरचे दत्तराव तर उभ्यानं घोरायचे. ढोसून जागं करायला दोन माणसं ठिवलेली असायची."

मला त्या अवस्थेतही हसू फुटलं. ते खरंच होतं.

"सप्ता अखंड असतोय," पंडित म्हणाला. "माणूस कुठं अखंड असतोय? तुमी एकाच गड्याच्या गळ्यात सात दिवस वीणा बांधली."

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं होतं ते मला त्या स्टुलावर बसून कळलं. आळीपाळी. काही ओढतात, काही बसतात. माउली, पंचवीस वर्षं मी पहारा करत होतो, आणि पहारा म्हणजे काय हे मला पहाऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या माणसानं सांगितलं.

पंडित त्या रविवारी घरी आला. भुजंगनं तोंड भिंतीकडं केलं.

"कोण हाय?"

"पंडित, रेडिओवाला."

"मग लाव काहीतरी. बातम्या नको लावू. बातम्या मला मालूम हायत."

"बातम्या न्हाई लावीत," पंडित खाली बसत म्हणाला. "आधी दहा-बारा दिवस काहीच लावीत न्हाई. मांडीला जरा झोपू द्या. तुमच्या भावानं लय जागवली तिला."

भुजंगच्या खांद्याला हसल्यासारखं काहीतरी झालं. चतुरा चहा घेऊन आली. कप घरातलाच होता, रोजचा. ती माझ्याकडं न बघता तो पंडितच्या हातात देऊन गेली. त्या दिवशी संध्याकाळी भुजंगनं अर्धी वाटी दूध घेतलं. मला वाटतं, भांडायला एक नवीन माणूस मिळाला म्हणून.

पंडितनं काय केलं ते सोपं करून सांगतो. जुन्या रेडिओत स्टेशनांचे पट्टे बदलायची एक खुंटी असते, फिरवली की आतली पत्ती एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर जाते. तशी एक चार खिळ्यांची खुंटी त्यानं काढली आणि एका खोक्यात बसवली. प्रत्येक मांडीवर एकाच्या ऐवजी चार ठिकाणी चकत्या बांधल्या, आतल्या अंगाला, बाहेरच्या अंगाला, वर आणि मधे. खुंटी फिरवली की करंट पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. एक ओढणार, तीन विसावा घेणार. पाच-पाच सेकंदांचा पहारा. यंत्राचे ठोकेही त्यानं सावकाश केले. "लय झपझप मारलं की लवकर दमतंय," तो म्हणाला. "जरा थरथरलं तर थरथरू द्या."

मांड्यांचे फोड सुकले. मार्गशीर्ष लागता लागता भुजंगला पुन्हा उठवला. चतुरा खुंटी फिरवत होती, पंडित खाली बसून गुडघ्यांवर हात ठेवून होता, मी घड्याळ बघत होतो.

तीन मिनिटं गेली. चार. पाच. मांडीचा एक भाग फुगायचा, मग तो बसायचा आणि दुसरा फुगायचा, जणू कातडीखाली माणसं जागा बदलत होती. पण एक खोट होती. दर वेळी खुंटी फिरली की गुडघा जरासा खचायचा आणि परत सरळ व्हायचा. खचायचा, सरळ व्हायचा. सहाव्या मिनिटाला तो खचला आणि सरळ झाला नाही. आम्ही धरायच्या आत भुजंग खाली निसटला. हनुवटी बांबूवर आपटली, आणि खाली बसताना सगळा भार जखमेवर आला.

पाय काही सांगत नाहीत, पण धोतरावर रक्त आलं ते आम्हाला दिसलं.

त्यानंतरचे आठ दिवस मला आठवायला आवडत नाहीत. ताप एकशे चारपर्यंत. जखमेचा वास उदबत्तीनं दबत नव्हता. गावचे डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत पोचली आहे. हा ताप उतरला तरी पुढचा उतरेल का सांगता येत नाही. भुजंग बडबडायचा आणि अंथरुणावर हातांनी टाळ धरायचा. शुद्धीवर आला की एकच म्हणायचा, "आता नका उठवू मला. पाया पडतो, नका उठवू." देवघरात बसलो तर नाम तोंडात येत नव्हतं. काय मागावं तेच कळेना. वाचव म्हणावं की सोडव म्हणावं. चतुरानं त्या आठ दिवसांत मला एकदाच काही विचारलं. "भावजी, ह्यांना तुमी सोडलं तर न्हाई ना मनातनं?"

मी नाही म्हणालो. खोटं होतं ते. अर्धं तरी.

ताप कसाबसा उतरला. पंडित आला तेव्हा ओसरीच्या पायरीवरच बसला, आत यायला त्याला धीर होईना.

"बदलताना खचतंय," तो म्हणाला. "एका खिळ्यावरनं पत्ती सुटती अन् दुसऱ्यावर जाती, तेवढ्यात मधे कोणीच नसतंय. पापणी हलाय लागतो तेवढा वेळ. पर गुडघ्याला तेवढा पुरतोय." मग त्यानं विचारलं, "माणिकराव, पहारा बदलताना वीणा कुणाच्या हातात असती?"

"दोघांच्या," मी म्हणालो. "नवा आधी पाया पडतो. मग वीणा धरतो, पट्टा त्याच्या गळ्यात जातो, त्याचं बोट तारेवर येतं, तवा कुठं जुना हात काढतो. थोडा वेळ दोघंबी धरून असतेत."

"दोघं?"

"दोघं. एकानं सोडून दुसऱ्यानं धरायची नसती."

पंडितनं आपले दोन हात एकावर एक धरून बघितले. मग म्हणाला, "हे मला आमच्या घरामागनं दिसलं न्हाई कधी. लांबनं वाटायचं, एकानं दिली अन् दुसऱ्यानं घेतली."

त्याला मंडपाच्या आत कोणी कधी बोलावलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

त्यानं खोकं तिथंच उघडलं. पत्ती रुंद केली, म्हणजे फिरताना ती मागच्या खिळ्यावरून सुटायच्या आधीच पुढच्याला टेकेल. क्षणभर दोन्ही चकत्या धरतील, मग एक सोडेल. काम एवढंच. अर्ध्या तासाचं.

भुजंगला तयार करायला मात्र चार दिवस लागले. शेवटी चतुराच म्हणाली, "माझ्यासाठी उभारा. पडलात तर माझ्या अंगावर पडा. मी खाली बसते." आणि खरंच बांबूंच्या मधे, त्याच्या पुढ्यात, गोधडी टाकून खुंटीचं खोकं मांडीवर घेऊन बसली.

गुडघा खचला नाही. खुंटी फिरत राहिली, मांडी आपल्या आपल्यात जागा बदलत राहिली आणि गुडघा सरळ राहिला. त्या दिवशी सात मिनिटांवर आम्हीच बसवलं. मग आठ. मग नऊ. पौष उजाडला तेव्हा अकरा झाली होती. जखमेच्या कडा लालसर झाल्या. ताप दहा दिवस आला नाही. पंडित एक दिवसाआड जिंतूरहून शेवटच्या बसनं यायचा, भुजंग त्याला "या आकाशवाणी" म्हणायचा, आणि तो "भुजंगराव, आज किती?" म्हणत खाली बसायचा.

मग पत्ती झिजून तुटली. पंडित खोकं दुकानावर घेऊन गेला. परवा आणतो म्हणाला. तो परवा म्हणजे संक्रांत.

विद्यापीठाच्या नावाचा सोळा वर्षांचा तंटा तुम्हाला सांगायला नको. त्या संक्रांतीला सरकारनं नाव देण्याचा निर्णय जाहीर केला. वस्तीत निळे झेंडे लागले, गावात माणसांची तोंडं मिटली. इकडून तिकडून वाईट बातम्या येत होत्या. पंडित त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खोक्याशिवाय भुजंगला उठवता येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं अंग कोमट लागलं.

पारावर दत्तरावांनी मला थांबवलं. वाईट माणूस नाही. माझ्यानंतरचा पहारा त्यांचाच.

"माणिकराव, त्या रेडिओवाल्याला सध्या गल्लीत घेऊ नका. पोरं तापलेली हायत. उद्या काय झालं तर आमच्याकडं येऊ नका."

"त्याच्याजवळ भुजंगचं खोकं हाय," मी म्हणालो.

"मग दुसरा मेकॅनिक बघा. जिंतूरला काय एकच हाय? तुमी वीणेकरी माणूस, तुमाला काय सांगावं."

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, माझी मलाच ठाऊक नव्हती. त्यांनी होकाराची धरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुजंगचा ताप एकशे दोन. तेवढ्यात शेजारची बाई सांगत आली, ओढ्याच्या पुलावर पंडितला अडवलंय, पिशवी घेऊन उभा आहे. मी ओसरीत उभा राहिलो. पायात जोडा घातला, काढला, परत घातला. एवढ्या वेळात चतुरा माझ्यासमोरून निघून गेली. डोक्यावर पदर, पायात काही नाही.

मी पोचलो तेव्हा ती पुलाच्या कठड्याशी बसली होती आणि पंडितनं कठड्यावर खोकं उघडलं होतं. सहा-सात जण भोवती उभे. पंडितचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, पण हात नेहमीसारखेच चालत होते.

"वैनी, ही पत्ती. ही झिजली की ठिणगी दिसंल. मग हा स्क्रू ढिला करायचा, ही दुसरी बसवायची. दोन जास्तीच्या कापून आणल्यात. टोक दोन्ही खिळ्यांना टेकलं पायजे. टेकलं का ते बोटानं बघा. आता तुमी करा."

चतुरानं केलं. एकदा चुकली. परत केलं.

"दुकान हितंच मांडलं का रे?" मागून एक जण म्हणाला.

"हो," चतुरा मान वर न करता म्हणाली. "तुमी सरका जरा, उजेड अडवायलाव."

तो सरकला. मलाही आता तोंड फुटलं. "पंडित, घरी चल," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. पण हे मी आधीच पारावर म्हणायला हवं होतं.

पंडितनं माझ्याकडं बघितलं. "आज न्हाई, माणिकराव. मी आलो तर ह्यांचं भांडण तुमच्या ओसरीत येईल, अन् भुजंगरावाचं उभारणं ऱ्हाऊन जाईल. वैनीला जमलंय. आता माझं काम न्हाई." त्यानं खोकं बंद करून चतुराच्या हातात दिलं. ते त्यानं लगेच सोडलं नाही. तिनं नीट धरलं का ते बघितलं आणि मग हात काढला. "पंधरा झाली की सांगा," म्हणाला आणि जिंतूरच्या वाटेला लागला.

त्या दिवशी भुजंगला तापातच उठवला. मला नको वाटत होतं, चतुरा ऐकेना. आठ मिनिटं. दुसऱ्या दिवशी दहा. नवव्या दिवशी ताप गेला, आणि अकराव्या दिवशी सकाळी बारा मिनिटं झाली, तेरा झाली, भुजंगनं बांबूवरचा एक हात उचलला. मी ओरडणार होतो. त्यानं फक्त कपाळावरचा घाम पुसला आणि हात परत ठेवला. पंधरा मिनिटं झाली. चतुरा खुंटी फिरवतच राहिली. सोळाव्या मिनिटाला भुजंग म्हणाला, "आता बसवा, भूक लागली."

जखम भरायला आषाढ उजाडला. भुजंग आहे, चालत नाही, पण आहे. लोखंडी पाय लावून दारात उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करतो.

ती पंधरा मिनिटं झाली त्याच दिवशी दुपारी मी जिंतूरला गेलो. दुकानाला कुलूप होतं. गावात येऊन वस्तीत गेलो, जन्मात पहिल्यांदा. सरजाबाईचं दारही बंद. शेजारणीनं सांगितलं, पुलावरच्या दिवसानंतर पंडित आईला घेऊन गेला. कोणी परभणी म्हणतं, कोणी औरंगाबाद. मी दोन्ही ठिकाणी विचारून आलो. दुकानं पुष्कळ, पंडित नाही.

म्हणून प्रत्येक कीर्तनाच्या आधी, जो शेजारी बसेल त्याला मी हे सांगतो. तुम्ही फिरणारी माणसं. कुठं कोणत्या शहरात टेप-रेडिओ दुरुस्त करणारा एखादा पंडित दिसला, जिंतूरकडचा, शांत हातांचा, तर त्याला एवढा निरोप द्या की पंधरा झाली, माणिकरावाला सांगायला उशीर झाला. आणि नाही भेटला, तरी माउली, त्याला आठवणीत ठेवा.